पावसात बंद खिडक्या आणि पेटत्या भट्ट्या : खानावळीच्या स्वयंपाकघराला हवा देतानाच्या नोंदी

मालवणात समुद्राच्या अंगाला आत्याची मासळीच्या थाळ्यांची खानावळ आहे. मे ते सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या स्वयंपाकघराची चिमणी, हवेची वाट आणि गॅसची सुरक्षा असे काम केले. किनाऱ्यावर असे काम काढणाऱ्यांना मापे, खर्च आणि फसलेले प्रयोग कळावेत म्हणून या नोंदी.

जागा अशी: १८ बाय १२ फुटांची खोली, चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले आणि कौलांखाली नंतर मारलेले पीव्हीसीचे सीलिंग. उत्तरेच्या भिंतीला रांगेने दोन भट्ट्या, मासे तळायचा मोठा तवा आणि दोन बर्नरची शेगडी. पश्चिमेला दोन खिडक्या आणि मधे १८ इंची एक्झॉस्ट पंखा. पूर्वेला पडवी, दक्षिणेला जेवणाची खोली. गॅस १९ किलोच्या निळ्या सिलिंडरचा.

२६ मे

यंदा पाऊस २५ मे रोजीच कोकणात उतरला. आज सकाळपासून पश्चिमेचा वारा आणि झड. खिडक्यांतून पाणी थेट पिठाच्या परातीवर यायला लागले, म्हणून त्या लावल्या. पंखा चालूच होता. दुपारी एकच्या सुमाराला भाकऱ्या थापणाऱ्या मावशी म्हणाल्या, "माजा डोक्या जड झाला गो." पाठोपाठ तव्यावरच्या मुलाला मळमळायला लागले. दोघांना पडवीत बसवल्यावर अर्ध्या तासात बरे वाटले.

कोणीतरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणले. त्यावर ९८ आले आणि सगळे निर्धास्त झाले. हे निर्धास्त होणे फार धोक्याचे आहे. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला हे दोन ओळखता येत नाहीत. तो आकडा चांगलाच दाखवतो. एकाच खोलीतल्या दोघांचे डोके एकाच वेळी धरले आणि बाहेर येताच उतरले, तर पित्त समजून सोडा-लिंबू देत बसू नये. आधी गॅस बंद, दारे उघडी, माणसे बाहेर आणि मग डॉक्टर. आम्ही दोघांना संध्याकाळी दाखवून आणले.

उद्यापासून मोठी भट्टी बंद. पाऊस आत आला तरी एक खिडकी उघडी.

२९ मे

कार्बन मोनॉक्साइडचा मीटर आला, ₹३,२००. सकाळी सगळे बंद असताना शून्य. एक खिडकी उघडी ठेवून दुपारच्या घाईत १४ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १४ भाग. मग माणसांना बाहेर ठेवून, दोन्ही खिडक्या लावून, सगळे बर्नर पेटवून मीटर नाकाच्या उंचीवर टांगला आणि दारातून पाहत राहिले. आकडा ६०च्या पुढे गेला तेव्हा गॅस बंद केला. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची कामगारांसाठीची मर्यादा दिवसभराच्या सरासरीने ३५ पीपीएम आहे. पंखा पूर्ण वेळ फिरत होता.

मोठ्या भट्टीची ज्योत पिवळी आणि टोपांच्या बुडाला काजळी. बर्नर उतरवले. हवा घेणाऱ्या भोकांत तेल, पीठ आणि गंज यांचा थर होता. तारेच्या ब्रशने साफ केल्यावर ज्योत निळी झाली, पण २० लिटरच्या टोपाखाली अजून पिवळे टोक राहत होते. टोप ज्योतीच्या फार जवळ बसत होता. थंड बूड ज्योतीला लागले की जळणे अर्धवट राहते आणि तिथेच हा वायू तयार होतो, खोलीत हवा असली तरी. भट्टीच्या दांड्या वेल्डरकडून दीड इंच उंच करून घेतल्या. बंद खिडक्यांचा आकडा एवढ्यानेच ६० वरून चाळिशीत आला. चिमणीवर लाखभर खर्च करण्याआधी बर्नर आणि टोपाची उंची पाहा.

१ जून

आजपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. गिऱ्हाईक तुटपुंजे, म्हणजे कामाला हीच वेळ.

पंखा फिरतो, मग हवा जाते कुठे? चालू पंख्यासमोर अगरबत्ती धरली. वाऱ्याची झोत आली की धूर खोलीत परत येत होता. हिशोब सोपा आहे. ताशी ३६ किलोमीटरचा वारा भिंतीवर सुमारे ६० पास्कल, म्हणजे पाण्याच्या ६ मिलिमीटर उंचीएवढा दाब टाकतो. भिंतीतल्या साध्या पात्यांच्या पंख्याची ताकद साधारण तेवढ्यातच संपते. पावसाळ्यात आमचा वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा आणि पंखा नेमका पश्चिमेला. मेपर्यंत हे लक्षात येत नाही, कारण तोवर खिडक्या सताड उघड्या असतात आणि खरे काम त्या करतात.

दुसरी गोष्ट सीलिंगची. जुनी कोकणी चूल कौलांखाली पेटायची आणि धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा. छप्परच श्वास घेत होते. वरून काजळी पडते म्हणून आपण सीलिंग मारतो आणि ती वाट बुजवतो. शिवाय गॅस जळताना पाणी तयार होते: एक किलोला सुमारे १.६ किलो. एक १९ किलोचा सिलिंडर संपला की खोलीत ३० लिटर पाण्याची वाफ सुटलेली असते, भाताची आणि कालवणाची वाफ निराळी. जुलैच्या दमट हवेत ती जिरत नाही. सीलिंग काढायचे ठरले.

४ जून

मापे. रांग आठ फुटांची. चिमणीचे धूर गोळा करणारे छत्र, म्हणजे हूड, प्रत्येक उघड्या बाजूला शेगडीच्या किमान सहा इंच पुढे हवी, म्हणून रांगेचे स्टँड थोडे आवळून हूड ८ फूट लांब आणि साडेतीन फूट खोल. मागची बाजू भिंतीला टेकलेली. म्हणजे उघडी कड ८ + ३.५ + ३.५ = १५ फूट. शेगडीच्या तोंडापासून हूडच्या कडेपर्यंत साडेतीन फूट. १५ × ३.५ = ५२.५ चौरस फुटांतून हवा मिनिटाला साधारण ५५ ते ६० फुटांच्या वेगाने आत ओढायची, तर सुमारे ३,००० सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा, लागतात.

हे आकडे बहुतेक फॅब्रिकेटर, म्हणजे पत्र्याचे काम करणारे, काढतात. पुढचा मात्र मला एकाच्याही कोटेशनमध्ये दिसला नाही: तीन हजार बाहेर काढायचे, तर तीन हजार आत कुठून येणार? जेवणाच्या खोलीतून थोडी येऊ द्यावी, म्हणजे वास उलटा तिकडे जात नाही. पण निदान ८५ टक्के, म्हणजे २,५५० सीएफएम, थेट बाहेरून यायला हवी. ती मिनिटाला ३०० फुटांच्या संथ वेगाने यायची असेल तर साडेआठ चौरस फूट मोकळी जागा लागते. तिरप्या पट्ट्यांच्या लुव्हरमध्ये निम्मी जागा पट्ट्याच खातात, म्हणून भोक १७ चौरस फुटांचे. जवळजवळ एक दार. आणि ते भर पावसात, सगळ्या खिडक्या लावलेल्या असताना उघडे राहिले पाहिजे.

आत्याला कागद दाखवायला गेले तर ती हिशोब न बघताच म्हणाली, "खिडकी लावल्यार वारो खयसून येतलो, ता आधी सांग." या कामातला सगळ्यात नेमका प्रश्न तिचाच.

८ जून

स्वस्तात भागते का ते पाहायला ओळखीच्या हॉटेलातून २४ इंची पंखा आणून तात्पुरता लावला. खिडक्या बंद. जेवणाच्या खोलीचे झुलते दार आपोआप आत ओढले गेले आणि तिथेच चिकटून राहिले. मग मोरीतून गटाराचा वास यायला लागला. बाहेरून वाट नाही म्हटल्यावर पंख्याने मिळेल तिथून, मोरीच्या नळीतून आणि संडासाच्या पॅसेजमधून, हवा ओढली. त्यात शेगडीची बारीक ज्योत फडफडून विझली, बटण उघडेच. पंखा जितका मोठा तितकी ही ओढ जास्त. त्याच दिवशी काढून परत केला.

१४ जून

फॅब्रिकेटर ठरवला. तीन कोटेशनांत पत्र्याच्या नावाखाली फक्त "एसएस", म्हणजे स्टेनलेस स्टील, लिहिले होते. समुद्रापासून एवढ्या जवळ पत्र्याची जात हाच निम्मा सौदा आहे. एसएस २०२ स्वस्त पडतो आणि नवा असताना ३०४ सारखाच चकाकतो, पण खाऱ्या हवेत त्याला लवकर डाग आणि भोके पडतात. चुंबक लावून बघू म्हणणाऱ्यावर विसंबू नका. चुंबक २०२ आणि ३०४ दोन्हींना सहसा चिकटत नाही. टेस्टिंग लिक्विडची छोटी बाटली मिळते. थेंब टाकून बॅटरीचा करंट दिला की २०२ वर रंग उतरतो, ३०४ वर तसा येत नाही. मी ती घेऊन गेले. पहिल्या दुकानात ३०४ सांगून दाखवलेल्या पत्र्यावर रंग आला, तेव्हा तिथून उठले.

ठरलेले: हूड ३०४, १.२ मिलिमीटर, चार बॅफल फिल्टर २० बाय २० इंची, तिरपे बसवलेले, खाली तेलाची पन्हळ आणि काढता येणारा डबा. ₹६२,०००. जाळीचे फिल्टर स्वस्त होते, पण ते तेलाने चोंदतात आणि भडका उडाला तर आग डक्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पत्र्याच्या नळात, जाऊ देतात. बॅफलमध्ये हवा वळणे घेते, तेल पत्र्याला लागून खाली ओघळते.

डक्ट १६ बाय १६ इंची, ३०४ चाच, सगळे सांधे वेल्ड. ₹३८,०००. दहा इंची डक्ट सुचवला गेला होता. त्यातून ३,००० सीएफएम न्यायचे तर वेग मिनिटाला ४,३०० फुटांवर जातो, म्हणजे प्रचंड आवाज आणि ब्लोअरची, म्हणजे हवा ओढणाऱ्या पंख्याची, निम्मी ताकद घर्षणातच. सोळा इंचीत तो १,७०० च्या आसपास राहतो. जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा आणि दुमडलेले सांधे नको म्हटले: तेल सांध्यांतून गळते आणि मीठ त्याला बाहेरून खाते.

२३ जून

सीलिंग काढले. पीव्हीसीच्या वरच्या अंगाला तेलकट काजळीचा जाड थर, आणि त्यावरून उघडी वायर गेलेली. ही आग लागायची वाट पाहत होती. वायर पाइपात घालून भिंतीवर घेतली. कौलांत चार काचेची कौले आणि आढ्याशी झाकलेला झरोका. सगळे मिळून ₹९,०००. एवढ्यानेच खोलीतली धग जाणवण्याइतकी उतरली.

३ जुलै

डक्ट कुठून न्यायचा यावर वाद झाला. मिस्त्रींना सरळ वर, कौलांतून काढायचा होता. पण छपराचे वासे आणि रीपा लाकडी आहेत. तेलकट डक्टला आतून आग लागली तर पत्रा लाल होतो. लाकडापासून दीड फूट अंतर ठेवायचा नियम त्याचसाठी आहे आणि वाशांच्या मधे तेवढी जागा नव्हती. म्हणून उत्तरेच्या चिऱ्याच्या भिंतीतून आडवा बाहेर काढला, बाहेर लोखंडी स्टँडवर ब्लोअर, आणि तिथून उभा डक्ट आढ्याच्या वर तीन फूट. आडव्या भागाला हूडकडे उतार, म्हणजे तेल ब्लोअरमध्ये न जाता डब्यात परत येते. वळणाजवळ हात आणि ब्रश जाईल असे झाकण. झाकण नसलेला डक्ट कधीच धुतला जात नाही.

ब्लोअर मागे वळलेल्या पात्यांचा, मोटर हवेच्या वाटेबाहेर, २ एचपी, थ्री फेज: ₹४१,०००.

६ जुलै

डक्टच्या टोकाला बसवलेली शंकूची टोपी काढून टाकली. पाऊस अडत होता, पण धूर टोपीला आपटून खाली वळत होता आणि कौलांवर पसरून झरोक्यातून आत. टोपीचे ₹२,६०० पाण्यात. आता उभ्या डक्टच्या टोकाभोवती त्याहून रुंद, दोन्हीकडे उघडी नळी बसवली आहे, मधे इंचभर मोकळी फट. धूर सरळ वर उडतो. तिरपा पाऊस बाहेरच्या नळीच्या आतल्या अंगाला लागून फटीतून कौलांवर उतरतो. ब्लोअर बंद असताना सरळ पडणारे थोडे पाणी येतेच, त्यासाठी ब्लोअरच्या बुडाला भोक पाडून नळी जोडली.

१० जुलै

ब्लोअर चालू, आवाज दणदणीत, पण हूडच्या कडेला धूर सांडतो. फिल्टरवर वेग सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर, पाहिजे होता १.३. फॅब्रिकेटरचे म्हणणे ब्लोअर लहान आहे, मोठा घ्या. ब्लोअर विकणाऱ्याचे म्हणणे डक्टची वळणे जास्त. या ओढाताणीत आठवडा जाणार होता. मोटर बंद करून पंखा थांबत असताना पाहिले तर तो कवचावरच्या बाणाच्या उलट फिरत होता.

या जातीचा ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने जाते, फक्त खूप कमी. म्हणून कोणाला शंका येत नाही. वायरमनने दोन फेज अदलून दिल्यावर वेग १.३ मीटर. चार फिल्टरांचे क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस फूट, म्हणजे साधारण २,८०० सीएफएम. पुरे.

१५ जुलै

वादळात तार तुटली होती, ती जोडून वीज परत आली आणि ब्लोअर पुन्हा उलटा. खांबावर फेजची अदलाबदल झाली की घरातली मोटरही उलटी फिरते. पॅनेलमध्ये फेज उलटल्यावर मोटर सुरूच न होऊ देणारा रिले बसवला. वायरमनचे सगळे काम मिळून ₹७,५००. थ्री फेज ब्लोअर घेणाऱ्याने हा रिले पहिल्याच दिवशी लावावा.

१९ जुलै

पूर्वेच्या भिंतीत, पडवीखाली, जमिनीपासून सहा इंचांवर साडेतीन बाय अडीच फुटांची दोन लुव्हरे. चिरे कापणे, चौकटी, पट्ट्या मिळून ₹१७,५००. पडवीचे छप्पर खोल आहे आणि पावसाळी वारा पाठीमागून येतो, म्हणून इथे पाणी येत नाही. लुव्हर खाली घेण्याला दुसरे कारण आहे. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळला तर जमिनीवर पसरतो, वरच्या खिडकीने तो जात नाही.

सुरुवातीला दोन गोष्टी बिघडल्या. एक लुव्हर रांगेच्या टोकाला अगदी लागून होते. हवा तिथून सरळ तव्याच्या ज्योतीवर आली, ज्योत आडवी झाली आणि तळणाचा धूर हूडच्या दुसऱ्या टोकाने सांडला. आतून फूटभर अंतरावर पत्र्याचा आडोसा उभा केला, वरून आणि दोन्ही बाजूंनी मोकळा. आता हवा पसरून येते, ज्योत सरळ उभी.

दुसरे जाळीचे. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे बाहेर उघडणाऱ्या तोंडाला माश्या-किडे अडवणारी जाळी हवीच. लुव्हरला सपाट मच्छरजाळी ठोकली तर हवा जवळपास निम्मी झाली आणि झुलते दार पुन्हा चिकटले. त्यात पिठाची भुकटी बसून चार दिवसांत ती कापडासारखी झाली. ही जाळी आणि तिची चौकट, ₹४,८००, वाया. मग लोहाराकडून पाचरीच्या आकाराची चौकट करून घेतली. तिच्या दोन्ही तिरप्या अंगांना मिळून भोकाच्या दुपटीहून जास्त जाळी बसते. ती खिळ्यांऐवजी कड्यांवर आहे, काढून नळाखाली धरता येते. बाहेरून उंदीर-घुशीसाठी पाव इंची वेल्डेड जाळी. चौकटींचा खर्च लोहाराने चुलतभावाच्या जुन्या हिशोबात वळता केला, म्हणून तो इथे नाही.

२६ जुलै

गॅसची बाजू. सिलिंडर उत्तरेला, बाहेर, छपराखाली जाळीच्या पिंजऱ्यात. पिंजऱ्याजवळचे उघडे गटार लाद्यांनी बंद केले आणि स्वयंपाकघराच्या मोरीला वायू अडवणारा पाण्याचा ट्रॅप बसवला. गळलेला एलपीजी आधी उताराकडे आणि गटाराकडेच धावतो. परवान्याशिवाय १०० किलोपर्यंतच साठा ठेवता येतो, म्हणजे १९ किलोचे पाच सिलिंडर. सीझनला सहावा आणून ठेवायची सवय मोडली.

एलपीजीचा सेन्सर जमिनीपासून फूटभर वर, कार्बन मोनॉक्साइडचा नाकाच्या उंचीवर. दोन्ही एकाच उंचीवर लावून देणारे भेटले, ते ऐकू नका. गॅसच्या मुख्य लाइनवर विजेवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि डक्टमध्ये दाबाचा स्विच. हवा ओढली जात असेल तरच गॅस सुटतो. ब्लोअरच्या बटणावरून सिग्नल घेणे सोपे होते, पण ब्लोअर फिरवणारा पट्टा तुटला तर बटण चालूच राहते. ब्रिटनमध्ये व्यावसायिक स्वयंपाकघरांत असा इंटरलॉक असतो, आपल्याकडे क्वचित दिसतो. सगळे मिळून ₹३४,०००.

यातली एक गोष्ट जिवावरची आहे. वीज गेली, ब्लोअर थांबला, व्हॉल्व्ह बंद, ज्योती विझल्या. बटणे मात्र उघडीच. वीज आली आणि व्हॉल्व्ह आपोआप उघडला तर सगळ्या बर्नरमधून न जळलेला गॅस खोलीत. म्हणून व्हॉल्व्ह हाताने रिसेट करायचाच हवा, आणि रिसेट करण्याआधी एका माणसाने प्रत्येक बटण हात लावून बंद केलेले पाहायचे. दुकानदार आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह सोयीचा म्हणून देत होता.

तव्यावरच्या मुलाने विचारले, "लायट गेली काय जेवाण अर्धा रवतला, मगे?" रास्त आहे. पावसात दिवसातून कितीदा तरी वीज जाते. त्याने इंटरलॉक टाळायचा बायपास मागितला, तो दिला नाही. बायपास एकदा लावला की कायमचा चालू राहतो. त्याऐवजी ब्लोअर जनरेटरवर घेतला.

३० जुलै

जनरेटर चालवून पाहिला आणि दहा मिनिटांत स्वयंपाकघरातला कार्बन मोनॉक्साइडचा मीटर ओरडायला लागला. एकही शेगडी पेटलेली नव्हती. जनरेटर पडवीच्या टोकाला होता, त्याचा धूर नव्या लुव्हरमधून आत. हवा ओढणारे भोक केले की त्याच्या आसपास काय आहे ते सगळेच आत येते. जनरेटर उत्तरेला, सिलिंडरच्या पिंजऱ्यापासून लांबच्या कोपऱ्यात हलवला, वायरसकट ₹६,०००.

५ ऑगस्ट

मासेमारी सुरू झाली आहे, गिऱ्हाईक परत. पश्चिमेचा जोरदार वारा, झड, दोन्ही खिडक्या बंद, सगळे बर्नर पेटलेले, तव्यावर सुरमई. दुपारच्या घाईत मीटरवर सर्वांत मोठा आकडा ४. झुलते दार बोटाने उघडते. हूडच्या चारही कोपऱ्यांना अगरबत्ती धरली, धूर आत वळतो. जेवणाच्या खोलीच्या दारात धरली, तो हळूच स्वयंपाकघराकडे येतो. वीज बंद करून पाहिली: गॅस बंद. फिल्टरवर पातळ कागद लावून पट्टा सैल केला: गॅस बंद.

मावशींनी संध्याकाळपर्यंत भाकऱ्या थापल्या. डोक्याबद्दल मी मुद्दाम विचारले नाही. त्यांनीच जाताना सांगितले, आज पदराने घाम पुसावा लागला नाही.

२९ ऑगस्ट

२७ ला गणपती आले. चाकरमान्यांच्या घरांतून उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी. शेगडीवर मोठी मोदकपात्रे चढली आणि नवा त्रास निघाला: हूडच्या पुढच्या कडेवरून पाणी टपकायला लागले, तेलाचे पिवळट थेंब त्यात. तळणाच्या धुराचे हूडमध्ये एवढे पाणी होत नाही, मोदकांच्या वाफेचे थंड पत्र्यावर लगेच होते. पुढच्या कडेला पन्हळ होती, पण तिला उतार नव्हता. थेंब पडायच्या जागेवरून उघडी भांडी हलवून दिवस निभावला. फॅब्रिकेटरने येऊन पन्हळीला एका टोकाकडे उतार दिला आणि नळी लावली, पैसे घेतले नाहीत. हूड करून घेतानाच पाणी ओतून उतार तपासावा.

१४ सप्टेंबर

खर्च. मीटर ३,२००, हूड ६२,०००, डक्ट ३८,०००, ब्लोअर ४१,०००, सीलिंग आणि कौले ९,०००, वायरमन ७,५००, लुव्हरे १७,५००, सेन्सर-व्हॉल्व्ह-पॅनेल ३४,०००, जनरेटर हलवणे ६,०००. वाया गेलेले ७,४००. एकूण ₹२,२५,६००. वीज वाढली, ब्लोअर दिवसाला आठ-नऊ तास चालतो. आत्याच्या मते तव्यावरची माणसे सीझनमध्ये सोडून जात नाहीत, यातच ते निघेल. सगळ्यांना एकदम एवढे परवडत नसेल तर क्रम असा धरावा: बर्नर आणि टोपाची उंची, मीटर, हवा आत येण्याची वाट, आणि मग हूड.

देखभाल भिंतीवर लिहिली आहे. फिल्टर रोज रात्री गरम पाणी आणि सोड्यात. जाळीच्या चौकटी आठवड्याने, पीठ जास्त उडाले तर आधी. डक्टचे झाकण उघडून दर तिमाहीला. रबरी नळ्यांवरची तारीख बघून मुदतीत बदल. सेन्सर महिन्यातून एकदा तपासायचे, आणि त्यांच्या जवळ फिनाइल किंवा स्पिरिट वापरायचे नाही, त्याने खोटा भोंगा वाजतो आणि मग माणसे भोंग्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात. लुव्हरसमोर तांदळाची किंवा नारळाची पोती ठेवायची नाहीत. जमिनीवर पिवळा पट्टा मारला आहे, तरी परवा एक पोते त्यावर आलेच.

राहिलेले: ब्लोअरच्या मोटरच्या टर्मिनल बॉक्सवर मिठाचा पांढरा थर दिसायला लागला आहे. पावसाळा सरला की उघडून साफ करून ग्रीस, आणि वरून पत्र्याचे छोटे छप्पर. जादा पट्टा आणून पॅनेलमागे टांगायचा आहे.